प्रस्तावना : एका चिपच्या वाटण्या

2013 सालच्या नोव्हेंबर महिन्यात सीमेन्स कंपनीतले यान किश्का यांनी जेलहाउस नावाचा हायपरवायझर सर्वांसाठी खुला केला. नवं सॉफ्टवेअर आलं की ते काय काय करतं याची जंत्री द्यायची पद्धत आहे. जेलहाउसच्या माहितीत मात्र ते काय करत नाही याचाच भरणा अधिक होता. एका कोअरवर दोन सिस्टिम आळीपाळीने चालवणं नाही, म्हणून शेड्युलर नाही. आहे त्यापेक्षा जास्त मेमरी असल्याचा भास नाही. यंत्रात नसलेलं उपकरण असल्याचं सोंग नाही. सर्व्हरच्या दुनियेत वाढलेल्या माणसाने हे वाचून विचारावं, मग हा हायपरवायझर करतो तरी काय? तो वाटण्या करून देतो. हे दोन कोअर तुमचे, हे दोन त्यांचे. ही मेमरी तुमची, ती त्यांची. हे नेटवर्क कार्ड इकडे, ते तिकडे. आणि एकदा वाटण्या झाल्या की होता होईल तो मध्ये पडत नाही.

एम्बेडेड आणि औद्योगिक संगणनात गेल्या दहा-बारा वर्षांत ओपन सोर्स हायपरवायझरचं जे काम झालं, ते समजून घ्यायला ही 'नाही'ची यादी माझ्या मते सर्वांत चांगली सुरुवात आहे. पुढच्या प्रकरणांत ज्या ज्या प्रकल्पांची ओळख होईल, त्या प्रत्येकाला वाचकाने हाच प्रश्न विचारावा : यातून काय काढून टाकलंय, आणि जे ठेवलंय ते कशासाठी?

हायपरवायझर जन्माला आला तो अगदी उलट गरजेतून. 1960 च्या दशकात आयबीएमने सीपी-40 आणि मग सीपी-67 तयार केलं, तेव्हा संगणक महाग होता आणि वापरणारे पुष्कळ. एकच यंत्र प्रत्येकाला स्वतःचं वाटावं, एवढी ती युक्ती. 2003 मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन आला, 2007 च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या 2.6.20 आवृत्तीतून केव्हीएम आला, तरी हेतू तोच राहिला. रिकामा बसलेला सर्व्हर म्हणजे वाया जाणारा पैसा. त्यात मावतील तितक्या सिस्टिम कोंबायच्या, कुणाला दहा मिलिसेकंद ताटकळावं लागलं तर लागलं. क्लाउड नावाचा सगळा पसारा या कोंबाकोंबीवरच उभा आहे.

यंत्राच्या कंट्रोल पॅनलमध्ये असं चालत नाही. तिथे जुन्या मांडणीत एक पीएलसी, पडद्यासाठी एक औद्योगिक पीसी, सर्व्हो ड्राइव्हचा वेगळा कंट्रोलर आणि अलीकडे ऑफिसला आकडे पाठवणारा गेटवे अशी चार खोकी असतात. प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा, पुरवठादार वेगळा, केबल वेगळी. चार किंवा आठ कोअरची चिप स्वस्त झाल्यावर ही खोकी एकत्र करावीत असं कुणालाही वाटेल. अडचण एवढीच, की ही मंडळी एका पंक्तीत बसणारी नाहीत. पडदा पाव सेकंद अडकला तर ऑपरेटर फार तर चडफडेल. प्रोफिनेट या औद्योगिक नेटवर्कच्या आयआरटी प्रकारात मात्र एक फेरी 31.25 मायक्रोसेकंदांइतकी छोटी असू शकते आणि तिच्यातली चलबिचल एका मायक्रोसेकंदाच्या आत राहावी लागते. त्या फेरीचं गणित करणारा कोड आणि पेन ड्राइव्हमधून व्हायरस घेऊन येऊ शकणारी विंडोज एकाच सिलिकॉनवर ठेवायची, तर मधली भिंत भक्कमच हवी.

ही भिंत हायपरवायझर एकटा घालत नाही, हे नवख्या वाचकाने आधीच लक्षात घ्यावं. बांधकामाचा माल प्रोसेसर पुरवतो. इंटेलने 2005 मध्ये व्हीटी-एक्स आणलं, एआरएमने 2010 मध्ये आपली व्हर्च्युअलायझेशनची भर जाहीर केली. आजच्या 64 बिटी एआरएमवर साधे प्रोग्राम ईएल0 या पायरीवर चालतात, ऑपरेटिंग सिस्टिम ईएल1 वर आणि हायपरवायझर ईएल2 वर. ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या पेज टेबलमधून मेमरीचा पत्ता काढते आणि तोच अंतिम असं धरून चालते. प्रत्यक्षात तो पत्ता ईएल2 च्या ताब्यातल्या दुसऱ्या टेबलमधून पुन्हा एकदा फिरवला जातो. त्या दुसऱ्या टेबलात जे पान नाही, ते त्या सिस्टिमच्या लेखी अस्तित्वातच नाही.

हे झालं प्रोसेसरचं. नेटवर्क कार्डासारखं उपकरण तर प्रोसेसरला न विचारता डीएमएने थेट मेमरीत लिहितं. त्याच्यावर पहारा ठेवायला आयओएमएमयू लागतो. एआरएमवाले त्याला एसएमएमयू म्हणतात. स्वस्त चिपवर तो नसतो, किंवा असला तरी मोजक्या उपकरणांपुरता असतो. अशा चिपवर कुठलाही हायपरवायझर घाला, भिंतीला भगदाड आहेच. चिप निवडताना किमतीच्या आधी हे पाहावं. बहुतेक ठिकाणी ते पाहिलं जातं बोर्ड तयार होऊन आल्यावर.

आता जेलहाउस जवळून पाहू. त्याची सुरू होण्याची तऱ्हाच न्यारी आहे. बहुतेक हायपरवायझर आधी स्वतः उठतात आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतात. इथे आधी नेहमीसारखं लिनक्स बूट होतं आणि सगळं हार्डवेअर जागं करतं. त्याने हात लावू नये म्हणून मेमरीचा एक तुकडा बूट करतानाच राखून ठेवलेला असतो. मग 'जेलहाउस एनेबल' अशी आज्ञा दिली, की एक कर्नल मोड्यूल हायपरवायझरचा कोड त्या राखीव तुकड्यात उतरवतं आणि प्रत्येक कोअरला तिथे उडी मारायला लावतं. कोअर वरच्या अधिकारात जातो, नवी पेज टेबलं बसतात आणि तो लिनक्सकडे परत येतो. क्षणापूर्वी यंत्राचं मालक असलेलं लिनक्स आता पाहुणं झालेलं असतं, आणि त्यावर चालणाऱ्या एकाही प्रोग्रामला याचा पत्ता लागलेला नसतो. हार्डवेअर जागं करायचं किचकट काम असं दुसऱ्याकडून करून घेतल्यामुळे हायपरवायझरला स्वतःचे ड्रायव्हर जवळपास लागतच नाहीत. एका आर्किटेक्चरचा कोड दहा हजार ओळींच्या आत बसवायचं उद्दिष्ट शक्य झालं ते यामुळे.

वाटणीचा दस्तऐवज म्हणजे सी भाषेतली एक फाइल. जेलहाउसमध्ये प्रत्येक वाट्याला 'सेल' म्हणतात. प्रत्येक सेलच्या नावावर मेमरीचे तुकडे लिहिलेले असतात : खरा पत्ता, सेलला दिसणारा पत्ता, लांबी, आणि वाचणं, लिहिणं, चालवणं, डीएमए यांपैकी कशाची मुभा आहे ते. मग इंटरप्टचे क्रमांक, मग पीसीआय उपकरणं. नवी सेल उभी करताना लिनक्स आपला एखादा कोअर ऑफलाइन करतं आणि तो तिच्याकडे जातो. त्या सेलमधल्या कोडने यादीबाहेरच्या पत्त्याला हात लावला तर दयामाया नाही. सिरियल कन्सोलवर तो पत्ता आणि रजिस्टरांमधले आकडे उमटतात, 'पार्किंग सीपीयू' अशी ओळ येते आणि तो कोअर जागच्या जागी उभा केला जातो. शेजारच्या सेलचं काम चालू राहतं. बंदोबस्त दुसऱ्या बाजूनेही आहे. सुरक्षेचं काम करणारी सेल आपण 'लॉक' अवस्थेत आहोत असं नोंदवू शकते. मग लिनक्सच्या रूट खात्यावरून कितीही आज्ञा दिल्या तरी वाटण्या बदलत नाहीत. टीआय आणि एनएक्सपी यांनी आपल्या काही चिपांच्या सॉफ्टवेअर संचात जेलहाउसला जागा दिली ती या साधेपणामुळेच. 2020 मध्ये त्याची 0.12 आवृत्ती आली आणि त्यानंतर वेग मंदावला. उत्पादन म्हणून तो किती ठिकाणी टिकेल ते टिको, पण शिकण्यासाठी मला तरी त्याच्याइतका उघडावाघडा नमुना दुसरा दिसत नाही.

कागदावर हे सगळं निर्मळ दिसतं. प्रत्यक्षात पहिली ठेच लागते ती भलत्याच ठिकाणी. लिनक्स बूट होताना शेवटी थोडी आवराआवर करतं : कुठल्याच ड्रायव्हरने न मागितलेली क्लॉक वीज वाचावी म्हणून बंद करतं. आता शेजारच्या सिस्टिमला देऊन टाकलेला यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्ट, लिनक्सच्या दृष्टीने बेवारस असतो. त्याचं क्लॉक बंद होतं आणि शेजाऱ्याची वाचा बसते. मेमरीची भिंत शाबूत आहे, नियम एकही मोडलेला नाही, आणि तरी समोरचा मुका. कर्नलला 'क्लॉक इग्नोअर अनयूज्ड' हा पर्याय दिला की काम भागतं, पण ती मलमपट्टी झाली. खरी गोष्ट अशी, की चिपवरची क्लॉक, रिसेट आणि वीजपुरवठा यांच्या नाड्या एकाच नियंत्रकाच्या हाती असतात आणि त्या नियंत्रकाचे तुकडे पाडता येत नाहीत. एआरएमचा एससीएमआय हा प्रोटोकॉल इथे उपयोगी पडतो. कुणीही थेट कळ दाबायची नाही. वेगळ्या फर्मवेअरकडे अर्ज करायचा, आणि अर्जदार कोण ते पाहून ते निर्णय घेईल.

त्याहून अवघड दुखणं कॅशचं. भावाभावांत घराच्या वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली, तरी विहीर सामाईकच राहते. एकाने पंप लावला की दुसऱ्याचा पोहरा रिकामा वर येतो. चिपवर ही विहीर म्हणजे शेवटच्या पातळीची कॅश आणि तिच्यामागची मेमरी बस. लिनक्सने मोठं चित्र उघडलं, की सर्व्होच्या कोडच्या ओळी कॅशमधून बाहेर फेकल्या जातात. पुढच्या फेरीत तो कोड चुकत नाही, फक्त उशिरा पोचतो, आणि या धंद्यात उशीर हीच चूक.

पोर्तुगालमधल्या मिन्यो विद्यापीठात जुझे मार्तिन्स, सांद्रो पिंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या बाओ या हायपरवायझरने हे दुखणं पहिल्यापासून डोळ्यांपुढे ठेवलं. 2020 च्या त्यांच्या शोधनिबंधात बाओ आहे काही हजार ओळींचा आणि लिनक्सच्या आधाराविना उठणारा. त्यात कॅशला 'रंग' देण्याची सोय आतच आहे. मेमरीचं पान कॅशच्या कुठल्या भागात जाऊन बसणार, हे पत्त्यातल्या काही बिटांवर ठरतं. त्यातले काही बिट पानाच्या क्रमांकातच येतात, म्हणजे पान निवडणाऱ्याच्या हातात असतात. तेव्हा एका सिस्टिमला फक्त 'लाल' पानं द्यायची आणि दुसरीला फक्त 'निळी'. कॅशमध्ये दोघी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. युक्ती सुरेख आहे, फुकट मात्र नाही. पानं एकाआड एक वाटली गेल्यामुळे दोन मेगाबाइटची मोठी पानं वापरता येत नाहीत, पत्ते फिरवायचा खर्च वाढतो, आणि कॅशचा जेवढा हिस्सा दिला तेवढ्याच प्रमाणात मेमरीही मिळते. शिवाय रंग देऊन कॅश वाटली तरी बस सामाईक ती सामाईकच. झेनने एआरएमसाठी हीच सोय 2025 च्या 4.20 आवृत्तीत घेतली. एक विद्यापीठातला छोटा प्रकल्प आणि एक वीस वर्षांहून जुना मोठा प्रकल्प एकाच उपायापाशी पोचले, हे मला बोलकं वाटतं.

झेनचा हा प्रवास तसाही पाहण्यासारखा आहे. तो मुळात कोंबाकोंबीच्या बाजूचा. त्याच्या जुन्या मांडणीत 'डोम0' नावाची एक विशेषाधिकारी लिनक्स सिस्टिम आधी उठते आणि बाकीच्यांना उठवते. ती उठेपर्यंत सगळे ताटकळत. गाडीचा मागचा कॅमेरा किंवा यंत्राचा ब्रेक असा ताटकळू शकत नाही. 2019 च्या 4.12 आवृत्तीत 'डोम0लेस' आलं. कुठल्या सिस्टिमला काय द्यायचं ते डिव्हाइस ट्रीमध्ये आधीच लिहून ठेवायचं, आणि झेन स्वतःच त्यांना एकदम उठवतो. त्याआधी 2017 मध्ये त्याने 'नल' शेड्युलर घेतला होता. शेड्युलर असून काहीच न करणारा. एका कोअरवर एक पाहुणा बसवून मोकळा होतो. क्लाउडचा दादा म्हणवणाऱ्या प्रकल्पाने एकेक सवय सोडत जेलहाउसच्या दिशेने यावं, यातच औद्योगिक गरजेचा जोर दिसतो.

नसलेल्या उपकरणाचं सोंग न आणण्याचा जेलहाउसचा आग्रह का, हे मात्र कारखान्यातून नव्हे, सर्व्हरच्याच जगातून शिकायला मिळालं. 2015 च्या मे महिन्यात 'व्हेनम' नावाचा दोष जाहीर झाला. तो होता क्यूईएमयू या यंत्रांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्लॉपी ड्राइव्हच्या कंट्रोलरची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये, आणि तिथे तो 2004 पासून बसून होता. फ्लॉपी जग विसरलं होतं, पण पाहुण्या सिस्टिममधून त्या नकली कंट्रोलरला वाकड्या आज्ञा देऊन भिंतीपलीकडे जाता येत होतं. कहर म्हणजे फ्लॉपी बंद ठेवा असं व्यवस्थापकाने सांगितलं, तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तो कोड जिवंत राहत असे. नकली उपकरण जितकं जास्त, तितक्या भिंतीला खिडक्या जास्त.

तरीही नक्कल पूर्ण टाळता येत नाही. पॅनलमध्ये इथरनेटचं पोर्ट एक आणि मागणारे तीन असतील, तर कुणीतरी मध्ये उभं राहावंच लागतं. त्यासाठी व्हर्टआयओ हे प्रमाणित उपकरण रुजलं : कुठल्याही खऱ्या कार्डाची नक्कल नाही, सरळ सामाईक मेमरीतल्या रांगांमधून देवघेव. इंटेलच्या पुढाकाराने 2018 च्या मार्चमध्ये लिनक्स फाउंडेशनकडे आलेला एकॉर्न हा हायपरवायझर मध्यममार्गी. त्यात एक 'सर्व्हिस' सिस्टिम बाकीच्यांसाठी उपकरणं वाटून देते, आणि सुरक्षेचं काम करणारी सिस्टिम तिच्यावर अवलंबून न राहता आधीच उठवता येते. एक्स86 चिपवर काम करणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. पण त्या चिपांवर एसएमआय नावाचा एक इंटरप्ट असतो, हेही ध्यानात ठेवावं. तो आला की फर्मवेअर हायपरवायझरला न विचारता कोअर काढून घेतं आणि आपलं काम झालं की परत करतं. बायोसच्या सेटिंगमध्ये तो आवरता आला तर बरं. नाही तर वेळेच्या सगळ्या हिशेबांवर पाणी.

सेल4 चं नाव इथे आदराने घ्यायला हवं. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये या मायक्रोकर्नलच्या सुमारे 8,700 ओळींच्या सी कोडचा गणिती पुरावा पूर्ण झाला : कोड ठरवून दिलेल्या वर्णनाप्रमाणेच वागतो. 2014 च्या जुलैत तो ओपन सोर्स झाला. बोइंगच्या चालकविरहित लिटल बर्ड हेलिकॉप्टरवर अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा संस्थेच्या कार्यक्रमात त्याची कसोटी लागली. पुराव्याच्या अटी मात्र नीट वाचाव्यात. तो पुरावा एका कोअरवरच्या मांडणीचा होता, हार्डवेअर निर्दोष आहे असं गृहीत धरणारा होता, आणि वर सांगितलेली विहिरीची भानगड त्याच्या कक्षेत येत नव्हती.

रिस्क-व्ही या प्रोसेसर आर्किटेक्चरची गोष्ट थोडक्यात. एक्सव्हायझर या एम्बेडेड हायपरवायझरचे कर्ते अनुप पटेल यांच्या पुढाकाराने रिस्क-व्हीसाठी केव्हीएम तयार झाला, पण प्रोसेसरचं हायपरवायझर-विस्ताराचं प्रमाण पक्कं होईपर्यंत लिनक्सचं दार बंद होतं. 2021 अखेर ते पक्कं झालं आणि 2022 च्या जानेवारीत आलेल्या 5.16 मध्ये हा कोड पोचला. त्यानंतर या आर्किटेक्चरच्या इंटरप्ट मांडणीत, बाहेरून आलेला इंटरप्ट हायपरवायझरला न उठवता थेट पाहुण्याला द्यायचीही तरतूद झाली. बाकीच्यांना जे मागाहून जोडावं लागलं, ते इथे सुरुवातीच्या काळातच घेता आलं.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो : 2024 च्या लिनक्स 6.12 मध्ये रिअल-टाइमचा प्रीएम्प्ट-आरटी कोड मुख्य प्रवाहात आला, मग हायपरवायझर हवा कशाला? बऱ्याच कामांना तो खरंच नको. वेळ पाळणं एवढीच गरज असेल तर आरटी लिनक्स पुरतं, आणि मी तर आधी तेच करून पाहा म्हणेन. पण एका सिस्टिमने मान टाकली तरी दुसरी उभी राहावी, किंवा एकीचं प्रमाणपत्र दुसरीच्या अपडेटमुळे रद्द होऊ नये, अशी गरज असेल तर कितीही वेळेवर चालणारं एकच कर्नल कामाचं नाही.

प्रमाणपत्राचा विषय निघाला म्हणजे ओपन सोर्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज थोडा खाली येतो. आयईसी 61508 सारखं सुरक्षेचं मानक कोड पाहून समाधान मानत नाही. प्रत्येक ओळ कुठल्या गरजेतून आली, ती कुणी तपासली, कुठल्या चाचणीने सिद्ध झाली, याची साखळी ते मागतं. जगभरच्या लोकांनी ईमेलवरून पाठवलेल्या कोडला ही साखळी मागाहून जोडणं म्हणजे दगडाखाली हात. झेनवाल्यांनी तरी ते अंगावर घेतलं. मिस्रा सी या काटेकोर नियमावलीतले नियम एकेक करून स्वीकारायचे, आणि नवा कोड एक्लेअर या तपासनिसाच्या हाताखालून घालायचा. नियमावरून वाद झाला तर तो सर्वांसमोर होतो. बंद दाराआड प्रमाणित झालेल्या महागड्या हायपरवायझरांच्या गिऱ्हाईकाला हे वाद कधीच दिसत नाहीत. त्याला मिळतो फक्त शिक्का.

यंत्र वीस वर्षं चालतं, आणि त्यातलं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तितकी टिकेल याची हमी कुणी देत नाही. सीमेन्स, तोशिबा, हिताची यांनी 2016 मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या प्रकल्पात एकत्र येऊन लिनक्स कर्नलला दहा वर्षं आधार द्यायचं ठरवलं ते यासाठीच. आता या दीर्घकाळच्या आधाराला कायद्याची धारही आली आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा 10 डिसेंबर 2024 रोजी अंमलात आला. त्याची मुख्य कलमं 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतील. डिजिटल भाग असलेलं उत्पादन युरोपात विकणाऱ्याला, त्याचा अपेक्षित वापरकाळ त्याहून कमी नसेल तर, निदान पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवाव्या लागतील. चाकण, भोसरी किंवा सातपूरहून जर्मनीला यंत्रं धाडणाऱ्यांनाही त्यातून सूट नाही. यंत्राचा वेळेचा भाग आणि नेटवर्कला लागलेला भाग एकाच कर्नलमध्ये कालवलेले असतील, तर प्रत्येक दुरुस्तीगणिक सगळ्या चाचण्या नव्याने. वेगवेगळ्या वाट्यांत असतील, तर नेटवर्कवाला वाटा महिन्याला बदला, सर्व्होच्या वाट्याला धक्काही लागत नाही. परदेशी निर्यातीचं बोलणं चालू असलेल्यांनी हे पुस्तक प्रमाणपत्रांच्या प्रकरणापासून उलटं वाचलं तरी चालेल.

बाकीच्यांनी मात्र जेलहाउसच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि हाताने करून पाहावं. त्यासाठी बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. क्यूईएमयूवर चालणारी डिस्क-इमेज बनवायची सामग्री प्रकल्पाकडूनच मिळते. साध्या लॅपटॉपवर सेल उभी करा, फाइलमधला एक मेमरीचा तुकडा मुद्दाम खोडा आणि कन्सोलवर काय उमटतं ते पाहा. फक्त वेळेची मोजमापं तिथे घेऊ नका. क्यूईएमयूमध्ये कॅश आणि बस खऱ्या नसतात, त्यामुळे तिथले मायक्रोसेकंद कुठल्याच पॅनलला लागू पडत नाहीत. त्यासाठी शेवटी खरा बोर्ड, ऑसिलोस्कोप आणि एक मोकळी जीपीआयओ पिन लागतेच.